मिलान–सान रेमो: सहा तास 'काहीच होत नाही' तेव्हा नक्की काय चाललेलं असतं

प्रश्न थोडक्यात असा होता की मिलान–सान रेमो ही इटलीतली सायकल रेस पहिल्यांदाच सुरुवातीपासून बघितली, जवळजवळ सहा तास नुसते लोक सायकल चालवताना दिसले आणि शेवटच्या अर्ध्या तासात सगळं उरकलं, मग आधीचे अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर ठेवलेच कशाला, दीडशेची रेस केली तर काय बिघडेल, आणि टूर दी फ्रान्स जिंकणारा पोगाचारसारखा माणूस मोठ्या डोंगरात भल्याभल्यांना मिनिटांनी मागे टाकतो तर इथल्या त्या एवढ्याशा शेवटच्या चढावर, पोज्जोवर, त्याला सुटून का जाता येत नाही.

मी स्वतः बरीच वर्षं रोड रेसिंग केलंय, आता रायडर्सना कोचिंग करतो, आणि ही रेस मुलांना बसवून दाखवली की कोणी ना कोणी हे विचारतोच. माझं उत्तर असं की त्या सहा तासांत बरंच काही होतं पण ते कॅमेऱ्यात दिसत नाही, आणि पोज्जोवर कोणी सहज सुटत नाही कारण पोज्जो हा खऱ्या अर्थाने चढच नाहीये. आता सविस्तर सांगतो, लांबेल थोडं.

आधी रस्ता डोळ्यासमोर आणा. 1907 पासून चालू असलेली रेस, पहिल्या वर्षी लुसियाँ पेती-ब्रेताँ जिंकला होता, आणि आजच्या प्रोफेशनल कॅलेंडरमधली ही सगळ्यात लांब वन-डे रेस, 290 किलोमीटरच्या आसपास, त्यात खरा स्टार्ट मिळायच्या आधीचे न्यूट्रल किलोमीटर धरले तर तीनशेच्या घरात जाते. नाव मिलानचं असलं तरी 2024 आणि 2025 ला स्टार्ट पाव्हियाहून होता. आधी पो नदीचं सपाट खोरं, मग साधारण निम्म्यावर तुर्किनो घाट, 532 मीटर उंची म्हणजे प्रो लोकांच्या हिशोबात काहीच नाही, तो उतरलं की लिगुरियाचा समुद्र, आणि तिथून पुढं व्हिया आउरेलिया हा जुना किनाऱ्याचा रस्ता धरून पश्चिमेकडं. शेवटच्या साठेक किलोमीटरमध्ये कापो मेले, कापो चेर्वो आणि कापो बेर्ता असे तीन छोटे चढ, मग चिप्रेसा, 5.6 किलोमीटर आणि सरासरी 4.1 टक्के, तो उतरून नऊ-दहा किलोमीटर सपाट, आणि मग पोज्जो, 3.7 किलोमीटर, सरासरी चार टक्क्यांच्याही खाली, फक्त माथ्याच्या अलीकडं एक तुकडा 8 टक्क्यांपर्यंत जातो. माथ्यापासून फिनिश साडेपाच किलोमीटर, त्यात तीनेक किलोमीटर वळणावळणाचा उतार आणि शेवटचे दोनेक सपाट, सान रेमोच्या व्हिया रोमा रस्त्यावर संपलं.

आता यात एक गोष्ट लक्षात घ्या की अख्ख्या रस्त्यावर असा एकही चढ नाहीये जिथं एखादा चांगला स्प्रिंटर (शेवटच्या सपाटीवर सुसाट मारणारा) ताज्या पायांनी मागे पडेल. सगळी गंमत त्या "ताज्या" शब्दात आहे.

सकाळी स्टार्ट झाला की आठ-दहा जणांचा ब्रेक, म्हणजे पुढं पळणारा छोटा गट, निघतो, त्यात बहुतेक छोट्या टीमचे रायडर असतात ज्यांना शेवटी काही मिळणार नाहीये हे त्यांनाही माहीत असतं, पण दिवसभर टीव्हीवर जर्सी दिसते, स्पॉन्सर खूश. मागे पेलोटॉनमध्ये, म्हणजे मुख्य घोळक्यात, ज्या दोन-तीन टीमकडं फेव्हरिट आहेत त्या आपला एकेक माणूस पुढं लावतात आणि तो माणूस तासन्‌तास वाऱ्यात सायकल ओढतो, ब्रेकला किती मिनिटं द्यायची हे टीमच्या कारमधून रेडिओवर ठरतं. हा माणूस चिप्रेसा यायच्या आधी संपलेला असतो, रिझल्टमध्ये कुठंतरी दीडशेव्या नंबरावर सापडतो किंवा सापडतच नाही, आणि तरी मला विचाराल तर त्या टीममध्ये पगार वसूल करणारा तोच. प्रत्येक टीमला सातच माणसं, पूर्वी वन-डे रेसला आठ असायची, त्यामुळे एक सकाळी जळला की शेवटच्या तासाला हाताशी किती उरतात ते मोजा.

आणि ही रेस हळू चालते असंही समजू नका. 2024 ची तर तोपर्यंतची सगळ्यात फास्ट झाली होती, सरासरी ताशी 46 किलोमीटरच्या वर, तेही सव्वासहा तास. घोळक्यात आत बसलेल्या रायडरला या स्पीडला लागणारा जोर समोर वाऱ्यात असलेल्या माणसापेक्षा तीस-चाळीस टक्के कमी असतो, नीट मधोमध जागा मिळाली तर आणखी कमी. म्हणजे दोन रायडर एकाच टाइमला पोज्जोच्या पायथ्याला पोचतात, टीव्हीवर दोघं शेजारी शेजारी दिसतात, पण एक दिवसभर चौथ्या-पाचव्या रांगेत कोणाच्यातरी चाकामागे लपून आलाय आणि दुसरा पंचवीस वेळा कडेनं वाऱ्यात पुढं सरकलाय, दर वळणानंतर गॅप भरायला दहा सेकंद जोरात मारलेत, बाटल्या आणायला कारपर्यंत मागे जाऊन परत आलाय. भांड्याला बारीक भोक असावं तसं हे आहे, गळताना दिसत नाही पण संध्याकाळी भांडं रिकामं.

जरा आकड्यांत सांगतो. सहा-सव्वासहा तासांत एक रायडर साधारण चार ते पाच हजार किलोज्यूल काम करतो, आणि आपलं शरीर वीस-पंचवीस टक्केच कार्यक्षम असल्यामुळे त्यासाठी जवळपास तेवढ्याच किलोकॅलरी जाळतो. शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन चारशे-पाचशे ग्रॅम, म्हणजे फार तर दोन हजार किलोकॅलरी. बाकीचं फॅटमधून येतं, पण फॅटवर माणूस सहा तास फिरू शकतो, पोज्जोवर अटॅक मारू शकत नाही, त्याला शुगरच लागते. म्हणून हल्ली हे लोक तासाला 90 ते 120 ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात ढकलत असतात, जेल, ड्रिंक मिक्स, राइस केक, भूक असो नसो, घड्याळ लावून. आणि पोटाला एवढं पचवायची सवय महिनोन्‌महिने ट्रेनिंगमध्ये लावावी लागते, रेसच्या दिवशी एकदम सुरू केलं तर पोट बिघडून घरी. पेलोटॉनमध्ये "काहीच होत नाहीये" असं वाटतं तेव्हा ही एवढी मोठी जेवणाची रेस चाललेली असते आणि ती तिसऱ्या-चौथ्या तासात हरलेला माणूस सहाव्या तासात कळतो.

कोच म्हणून मी यात एकच गोष्ट बघतो, सकाळी फ्रेश असताना पाच मिनिटांचे वॅट (पायांचा जोर) किती, आणि चार हजार किलोज्यूल खर्च झाल्यावर तेच पाच मिनिटांचे वॅट किती. हे दोन आकडे वेगळे असतात आणि प्रत्येकाचे वेगवेगळे पडतात. काहींचे फार पडत नाहीत, काही मुलांचे एवढे पडतात की बघून विश्वास बसत नाही, आणि लॅबमध्ये फ्रेश टेस्ट करून हे कधीच दिसत नाही. मिलान–सान रेमो ही या दुसऱ्या आकड्याची परीक्षा आहे. तुम्ही 290 किलोमीटर ठेवलेत तेव्हाच हा चार टक्क्यांचा फालतू चढ चढ बनतो.

बरं, आता जागेचं. माझ्या मते रेसचा सगळ्यात थरारक भाग चिप्रेसा किंवा पोज्जो नाहीये, कापो बेर्ता उतरून इम्पेरियामधून पुढं चिप्रेसाच्या पायथ्यापर्यंतचे जे दहा-बारा किलोमीटर आहेत ते आहेत. रस्त्याला रुंदी बेताची, गावातले राउंडअबाउट, डिव्हायडर, दीडशे माणसं आणि सगळ्यांना कारमधून एकच सूचना, पहिल्या वीसात राहा. वीसात दीडशे मावत नाहीत. आउरेलिया सोडून उजवीकडं चिप्रेसाचं वळण लागतं, तिथं पुढचा माणूस साठच्या स्पीडने आत घुसतो आणि मागचा ऐंशीवा माणूस ब्रेक लावून जवळपास उभा राहतो, मग त्याला परत शून्यातून स्पीड घ्यायचा, आणि तेवढ्यात पुढच्यांनी शंभर-दीडशे मीटर काढलेले असतात. वॅट दोघांचे सारखे असले तरी ऐंशीव्या माणसाची रेस तिथंच संपली, बाकी अर्धा तास तो नुसता फिनिशपर्यंत जातो. तेच पोज्जोच्या वळणाला, फिनिशपासून नऊ किलोमीटरवर. कोणाचा टायर पंक्चर झाला तर टीम कार कुठंतरी मागे घोळक्याच्या शेपटीला, येईपर्यंत सगळं संपलं. आणि अनेक दिवसांच्या स्टेज रेसमध्ये शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये पडलात तर ग्रुपचा टाइम मिळतो ती सवलत इथं नाही, वन-डे रेसला उद्या नसतोच, त्यामुळे जो तो पडायची भीती बाजूला ठेवून घुसतो.

म्हणून लीडआउट (सोबत्यांनी पुढं राहून आपल्या माणसाला ओढत नेणं) फक्त स्प्रिंटला असतो असं नाही, चिप्रेसाला आणि पोज्जोलाही लीडआउट असतो. ज्याच्याकडं त्या क्षणाला दोन-तीन ताजे सोबती आहेत तो पहिल्या पाचात वळतो. सोबती दुपारीच जाळलेत तर तुम्ही पोगाचार असलात तरी एकटे धक्के खात फिरा.

आता तुमचा मुख्य प्रश्न, सुटत का नाही. 8-9 टक्क्यांच्या लांब घाटात टॉप क्लाइंबर साधारण 20-22 च्या स्पीडने जातो, तिथं त्याचा बहुतेक सगळा जोर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध जातो, हवेचा वाटा माझ्या हिशोबाने दहा-बारा टक्के, म्हणजे मागे बसलेल्याला ड्राफ्टिंगचा, म्हणजे पुढच्याच्या आडोशाचा, फायदा नगण्य, ज्याचे किलोमागे वॅट जास्त तो पुढं. पोज्जो हे लोक कितीने चढतात माहितीये? ताशी 38 च्या आसपास, पावणेसहा मिनिटांच्या आतबाहेर. 38 ला हवेचा वाटा पस्तीस-चाळीस टक्क्यांवर जातो. ढोबळ हिशोब केला तर पाचशे वॅटमधले पावणेदोनशे-दोनशे नुसते हवेला, आणि चाकाला चिकटून बसलेल्याचे त्यातले साठ-सत्तर वाचतात. म्हणजे तुम्ही मागच्यापेक्षा दहा टक्के ताकदवान असलात तरी तो तुमच्या चाकावर आरामात नाही पण बसू शकतो. त्यात वजनदार, दणकट गडी, ज्यांना खऱ्या घाटात तुम्ही कधीच मागे टाकलं असतं, ते इथं टिकतात कारण चढ सहा मिनिटांत संपतो. फिलिप्पो गान्ना हा टाइम ट्रायल आणि ट्रॅकचा माणूस, एवढा उंच आणि जड, तो 2023 ला दुसरा आणि 2025 ला परत दुसरा आला, ते यामुळेच.

पोगाचारच्या तीन वर्षांत हे सगळं ओळीनं दिसलं. 2023 ला त्याच्या टीमने पोज्जोवर स्पीड लावला, त्याने अटॅक मारला, गान्ना, वाउट व्हान आर्ट आणि मात्यू व्हान डर पूल चिकटले, आणि माथ्याच्या जरा अलीकडं व्हान डर पूलने उलटा अटॅक केला, एकटा उतरला, एकटा जिंकला, पोगाचार चौथा. (व्हान डर पूलचे आजोबा रेमाँ पुलिदोर, तेही हीच रेस 1961 ला जिंकलेले, घरातच आहे म्हणायचं.) 2024 ला चिप्रेसावर टीमने जोर लावला पण तिथंच माणसं संपली, पोज्जोवर पोगाचारने दोनदा प्रयत्न केला, व्हान डर पूल दोन्ही वेळा चाकावर, बाकीचे उतारावर परत आले, आणि शेवटी व्हान डर पूलने आपला टीममेट यास्पर फिलिप्सनसाठी ग्रुप ओढला आणि फिलिप्सन स्प्रिंट जिंकला, मायकल मॅथ्यूज दुसरा, पोगाचार तिसरा. फिलिप्सन हा शुद्ध स्प्रिंटर आहे आणि पोज्जोवर इतिहासातल्या सगळ्यात फास्ट चढाईंपैकी एक चालू असताना तो पहिल्या गटात होता, यावरून त्या चढाचा स्वभाव कळतो.

मग 2025 ला पोगाचारच्या टीमने डोकं लावलं. पोज्जो पुरत नाही ना, मग चिप्रेसावरच फोडू. सोबत्यांनी पायथ्यापासून फुल गॅस लावला आणि पोगाचार फिनिशला वीस-पंचवीस किलोमीटर बाकी असतानाच निघाला, जी गोष्ट आधीची बरीच वर्षं वेडेपणा समजली जायची कारण मधले नऊ-दहा किलोमीटर सपाट समोरून वारा असला की एकट्या माणसाला घोळका गिळतो. चिप्रेसा नऊ मिनिटांच्या आसपास चढले. सोबत राहिले फक्त दोघं, व्हान डर पूल आणि गान्ना. पोज्जोवर गान्ना मागे पडला पण हरला नाही, आपल्या लयीत मारत राहिला आणि खाली सपाटीवर परत येऊन भिडला, व्हान डर पूल मात्र पोगाचारच्या एकाही अटॅकला हलला नाही. व्हिया रोमावर तीनशे मीटरच्या आसपास व्हान डर पूलने स्प्रिंट उघडला आणि दोघांना मागे ठेवलं. म्हणजे डाव बरोबर होता, रेस फुटली, दीडशे माणसं बाद झाली, फक्त ज्या एकाला मागे टाकायचं होतं तोच मागे पडला नाही. माझं मत विचाराल तर गेल्या पंधरा-वीस वर्षांतली ती सगळ्यात चांगली मिलान–सान रेमो होती.

आता उतार. लोक चढाचे वॅट मोजत बसतात आणि पोज्जोचा उतार विसरतात, अरुंद रस्ता, ग्रीनहाउसच्या मधून जाणारा, एकामागे एक हेअरपिन, आणि सहा तासांनंतर थकलेल्या डोक्याने उतरायचा. प्रत्येक वळणातून बाहेर पडताना परत उभं राहून मारायला लागतं, तिथं पाय नसलेला माणूस पाच-पाच मीटर हरत जातो. 1992 ला इटलीचा मोरेनो आर्जेन्तिन पोज्जोवर सुटला, माथ्यावर त्याच्याकडं चांगली लीड होती, आणि आयर्लंडचा शॉन केली, कारकीर्दीच्या शेवटाकडं आलेला, पेलोटॉनमधून एकटा उतारावर असा सुटला की शेवटच्या किलोमीटरच्या आसपास त्याला गाठलं आणि स्प्रिंटमध्ये हरवलं. ते फुटेज मी मुलांना उतार शिकवताना हमखास दाखवतो, ब्रेक कुठं सोडतो ते बघा म्हणून. आणि 2022 ला मातेय मोहोरिचने तर माउंटन बाइकचा ड्रॉपर पोस्ट रोड बाइकला लावून आणला, सीट खाली घेता येते, वजन खाली येतं, वळणात जास्त आत झुकता येतं. टॉप ट्यूबवर (फ्रेमच्या वरच्या नळीवर) बसून उतरायची पोझिशन 2021 पासून बंद केलीये, ज्याच्यामुळे ती पोझिशन गाजली तो हाच मोहोरिच, मग त्याने नियमात बसणारा दुसरा मार्ग काढला. एका ठिकाणी रस्त्याच्या अगदी कडेला गटारापर्यंत गेला, सावरला, आणि जिंकला. ड्रॉपर पोस्टमुळे जिंकला असं मी म्हणणार नाही, मोहोरिच साध्या सीटवरही तसाच उतरला असता, पण मागच्यांच्या मनात "हा आज काहीतरी घेऊन आलाय" ही भीती दिवसभर होती आणि तिचा फायदा झाला असणार.

शेवटचे दोन किलोमीटर सपाट, आणि इथं पायांपेक्षा डोकं चालतं. 2021 ला उतार संपल्यावर यास्पर स्टाउव्हेन निघाला, मागे व्हान आर्ट, व्हान डर पूल, आलाफिलिप, केलेब युअन अशी सगळी मोठी नावं. कोण ओढणार? व्हान डर पूलने ओढलं तर व्हान आर्ट फुकट बसून येणार, व्हान आर्टने ओढलं तर युअनसारखा स्प्रिंटर खाऊन टाकणार, त्यामुळे सगळे एकमेकांकडं बघतात, आणि त्या बघण्यातल्या चार-पाच सेकंदात स्टाउव्हेन गेला. त्याला शेवटी सोरेन क्राग आंदरसन येऊन मिळाला, स्टाउव्हेनने हुशारीने त्याला थोडं पुढं ओढायला लावलं आणि मग स्प्रिंट मारून घोळक्याच्या जेमतेम पुढं लाइन ओलांडली. एकाहून एक ताकदवान माणसं एकत्र असली की त्यांची ताकद एकमेकांना मारते, आणि ज्याच्याकडं कोणी फार लक्ष देत नाही असा एक पायरी खालचा माणूस योग्य सेकंदाला निघून जातो. 2018 ला इटलीचा व्हिन्चेंझो निबाली पोज्जोवरून असाच निघाला होता, मागे स्प्रिंटर्सच्या टीम होत्या पण ओढायला माणसं उरली नव्हती, आणि तो जिंकला तेव्हा घोळका त्याच्या पाठीवर होता, फोटो बघा, हात वर केलेत आणि मागे सगळी भिंत. हात वर करण्यावरून आठवलं, 2004 ला एरिक त्साबेल, चार वेळा जिंकलेला माणूस, लाइनच्या आधी हात वर करून बसला आणि ऑस्कार फ्रेइरेने शेजारून चाक लाइनवर पुढं ढकलून रेस काढली. तेव्हापासून प्रत्येक कोच पोरांना ओरडून सांगतो की लाइन गेल्यावर हात वर करा.

इतिहास फार सांगत नाही पण हे चढ मुळात होतेच असं नाही हे माहीत असू द्या. पूर्वी तुर्किनोवरच रेस फुटायची, रस्ते कच्चे, सायकली जड. 1910 ला तर एवढा बर्फ पडला की रिझल्टमध्ये चारच नावं राहिली, युजेन क्रिस्तोफ जिंकला, आणि 1946 ला फाउस्तो कोप्पी 14 मिनिटांच्या फरकाने जिंकला, आजच्या माणसाला ते खोटं वाटेल. पुढं रस्ते डांबरी झाले, टीम नीट काम करायला लागल्या आणि दरवर्षी मोठा घोळका एकत्र यायला लागला, वरून 1953 नंतर इटालियन रायडर जिंकेनात (पोज्जो घालूनही पुढचा थेट 1970 ला). म्हणून ऑर्गनायझर्सनी 1960 ला पोज्जो घातला, तो पुरेना तेव्हा 1982 ला चिप्रेसा, मध्ये 2008 ते 2013 ले मानिये नावाचा आणखी एक चढ ठेवून बघितला आणि काढून टाकला. (2013 ला तर बर्फामुळे तुर्किनो आणि ले मानिये दोन्ही वगळले, रायडर्सना मधला टप्पा बसने नेलं, आणि कोणाच्या डोक्यात नसलेला गेराल्ड चोलेक जिंकला.) बेल्जियमचा एडी मर्क्स सात वेळा जिंकला तो असाच बदलता काळ होता. ले मानिये काढला हे मला बरोबर वाटतं, चढ वाढवले की ही रेस बाकी दहा रेसेससारखी होते, स्प्रिंटर, क्लाइंबर, टाइम ट्रायलवाला आणि क्लासिकवाला (मोठ्या वन-डे रेसेसचा माणूस) चौघंही खरंच जिंकू शकतात अशी दुसरी मोठी रेस मला तरी माहीत नाही.

राहिला तुमचा दीडशेचा प्रश्न. याचं उत्तर कल्पनेने द्यायची गरज नाही कारण 2025 पासून बायकांची मिलान–सान रेमो परत सुरू झालीये, आधी 1999 ते 2005 प्रिमावेरा रोझा नावाने व्हायची. 2025 ला स्टार्ट जेनोव्हाहून, 156 किलोमीटर, पण शेवटचा भाग तोच, कापो, चिप्रेसा, पोज्जो, व्हिया रोमा. काय झालं? चिप्रेसा आणि पोज्जो दोन्हीवर ग्रुप पातळ झाला पण फुटला नाही, सपाटीवर एलिसा लोंगो बोर्गिनी निघाली, लोट्टे कोपेकीने टीममेटसाठी तो गॅप बंद केला, आणि जगातली सगळ्यात फास्ट स्प्रिंटर लोरेना वीबस जिंकली, मारियान व्होस दुसरी. रेस म्हणून झकास झाली, मला एक मिनिटही कंटाळा आला नाही, आणि अर्थात दोन्हीकडची फील्ड वेगळी, टीममधल्या दमदार रायडर्सची संख्या वेगळी, त्यामुळे सरळ तुलना करता येत नाही. पण त्याच दिवशी, त्याच चिप्रेसावर पुरुषांच्या रेसमध्ये तिघंच उरले होते, आणि तिथवर पोचायला त्यांच्या पायांत साधारण 130 किलोमीटर जास्त होते. ऑर्गनायझरने पुरुषांचीही दीडशेची केली तर रेस चांगलीच होईल बहुतेक, फक्त फिलिप्सन, मर्लिएरसारख्या स्प्रिंटर्सना दरवर्षी आधीच फेव्हरिट धरा, आणि पोगाचारला चिप्रेसावर अटॅक मारून काही हाती लागेल ही आशा सोडा.